मामा म्हणजे नेमकं कोण

प्रल्हादमामा तायडे यांना रस्त्यात कुणी 'मामा' अशी हाक मारली, तर ते थांबतात, वळतात, हाक मारणाऱ्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "कोन्त्या भाषेतला?"

माणूस गडबडतो. जठारपेठेच्या चौकात, एप्रिलच्या उन्हात, सवारी शोधणाऱ्या ऑटोवाल्यानं याचं काय उत्तर द्यावं? एकानं दिलं होतं. मराठीतला, अजून कोन्ता, असं तो म्हणाला. त्यावर मामा शांतपणे म्हणाले, "मंग तुह्या मायचं नाव सांग." त्यांचं म्हणणं सरळ होतं. मराठीत मामा म्हणजे आईचा भाऊ. तेव्हा आपण जिचे भाऊ आहोत असं हा म्हणतो, तिचं नाव तरी कळावं. पण भर चौकात कुणाच्या आईचं नाव काढलं, की अकोल्यात त्याचे काही ठरलेले परिणाम होतात. ऑटोवाला बाह्या सरसावत खाली उतरला. मी मध्ये पडलो, त्याला चहा पाजला आणि मामांना हाताला धरून घरी आणलं. मी चुकीचं काय विचारलं ते सांगा, असं ते वाटभर मला म्हणत होते, आणि खरं सांगायचं तर मला सांगता येत नव्हतं.

मी त्यांचा शेजारी. मूळचा अमरावतीचा, बँकेच्या बदलीनं अकोल्यात आलो आणि इथंच रुतलो. अमरावतीच्या माणसानं अकोल्याबद्दल चांगलं बोलू नये असा आमच्याकडे दंडक आहे आणि तो मी पाळतो. पण या गावानं मला प्रल्हादमामा दिले, एवढं मान्य करावं लागेल. दिले म्हणजे भिंतीला भिंत लावून दिले. परत करायची सोय नव्हती.

ही भाषेची भानगड अलीकडची. त्याआधी तीस वर्षं मामांना दुसरंच वेड होतं, आणि ते सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही.

मामा कोर्टात बेलिफ होते. समन्स घेऊन गावोगाव जायचं, ज्याच्या नावाचं असेल त्याच्या हातात द्यायचं, सही घ्यायची. तो घरी नसला तर घरातल्या जाणत्या माणसाला द्यायचं आणि त्याचं नातं कागदावर लिहायचं. या नात्याच्या रकान्यानं मामांचं आयुष्य खाल्लं. नोकरीच्या सुरुवातीला त्यांनी एका ठिकाणी 'भाऊ' असं लिहिलं. तो वेगळ्या घरात राहणारा चुलतभाऊ निघाला, वकिलानं नेमकं त्यावर बोट ठेवलं आणि पुढची तारीख पडली. न्यायाधीश रागावले नाहीत. नातं नीट विचारून लिहीत जा, एवढंच म्हणाले. पण भरल्या कोर्टात म्हणाले. ते मामांच्या असं जिव्हारी लागलं, की त्यानंतर त्यांना कुणी 'जयभीम' केला तरी त्याला उलट 'जयभीम' घालून ते लगेच नातं विचारायचे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला, नवरीचे कोण? दवाखान्यात बाकावर बसलेल्याला, पेशंटचे कोण? "नातं अगोदर, सही मंग," हे त्यांचं ब्रीदवाक्य. जिथं सहीचा काही संबंध नाही तिथंही ते हेच म्हणत.

माझ्या घरी ते पहिल्यांदा आले तेव्हा दार माझ्या सासूबाईंनी उघडलं. सायबांच्या तुम्ही कोण, असं मामांनी विचारलं. सासूबाई म्हणाल्या, आई. मामांनी त्यांच्याकडे पाहिलं, माझ्या बायकोकडे पाहिलं, दोघींची नाकं ताडून पाहिली आणि विचारलं, "ह्याइची का त्याइची?" वीस वर्षं मला जावई न म्हणता मुलगा म्हणणारी ती बाई त्या दिवशी रीतसर सासू झाली आणि मला वाटतं ती अजून मामांना माफ करू शकलेली नाही.

हिवरखेडचा किस्सा ते स्वतः रंगवून सांगतात. तिथला एक पुरुषोत्तम नावाचा गृहस्थ समन्स चुकवायचा. मामा दारात उभे राहिले तर तो स्वतःच बाहेर येऊन म्हणाला, पुरुषोत्तम परगावी गेला, मी त्याचा भाऊ. मामांनी मान डोलावली. सख्खा का, विचारलं. सख्खा. मोठा का धाकटा? धाकटा. मामांनी सगळं लिहून घेतलं, चपला घातल्या, फाटकापर्यंत गेले आणि मागं न वळता साध्या आवाजात म्हणाले, "पुरुषोत्तम." मागून आवाज आला, "ओ." मामा परत फिरले, 'भाऊ' खोडलं, 'स्वतः' लिहिलं आणि सही घेतली. पुढं तो पुरुषोत्तम त्यांचा दोस्त झाला आणि दरवर्षी तुरीच्या शेंगा पाठवू लागला.

असा हा माणूस. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं मी एकदा विचारलं होतं. नाती वाढली की कागद वाढतात, असं उत्तर मिळालं. ते काही खरं नव्हतं. खरं कारण त्यांच्या घरात दप्तर घेऊन फिरत होतं. त्याचं नाव प्रज्ञा.

प्रज्ञा त्यांची भाची. मामांची धाकटी बहीण शोभा वारली तेव्हा प्रज्ञा चार वर्षांची होती. तिच्या वडिलांनी वर्षभरात दुसरं लग्न केलं आणि ते नाशिकला संसाराला लागले. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला न चुकता फोन करायचा. पण फोन ठेवल्यावर पुढच्या वाढदिवसापर्यंत पोरगी मामांचीच असायची. वेणी मामाच घालत. पहिली दोन वर्षं ती वेणी कायम डावीकडे झुकलेली असे. मग माझ्या बायकोनं त्यांना एकदा समोर बसवून शिकवलं.

शाळेत नाव घालताना तिथला कारकून म्हणाला, मामा, वडिलांच्या जागी तुमचंच नाव टाका, पुढं सोपं जाईल. मामा खुर्चीवरून उठले. इतकी वर्षं मी लोकांची नाती तपासली आणि माझ्याच घरी खोटं नातं लिहू का, असं म्हणून त्यांनी वडिलांच्या रकान्यात नाशिकच्या मेहुण्याचं पूर्ण नाव लिहिलं. खाली पालक म्हणून स्वतःची सही केली आणि कंसात, छापल्यासारख्या अक्षरात, लिहिलं : मामा.

इथपर्यंत ठीक. पण प्रज्ञा सहा वर्षांची असताना एके संध्याकाळी जे झालं ते मी माझ्या ओट्यावरून पाहिलं आहे. मामा सायकलवरून आले आणि पोरगी फाटकाकडे धावत "बाबा आले, बाबा आले" असं ओरडली. शाळेत सगळ्यांचे बाबा येतात, तिला वाटलं असेल आपणही म्हणून पाहावं. मामांनी सायकल लावली, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि तिला समजावून सांगितलं, की मी मामा आहे, बाबा नाशिकला आहेत, आणि दुसऱ्याचं नातं आपण घेऊ नये. अगदी प्रेमानं सांगितलं. पोरगी मान हलवून आत गेली. त्यानंतर तिनं तो शब्द कधी काढला नाही. माझी बायको मात्र त्या दिवशी फार चिडली. पोरीनं काय मागितलं, एक शब्द मागितला, असं म्हणत तिनं रात्रीची भाजी खारट केली.

प्रज्ञा हुशार निघाली. बारावीनंतर डॉक्टरकी शिकायला जॉर्जियात गेली. आमच्या भागातली बरीच मुलं हल्ली तिकडे जातात. पहिल्यांदा मला वाटलं अमेरिकेतलं जॉर्जिया. मामांनी नकाशा आणून दाखवलं, की हा वेगळा देश आहे, रशियाच्या खाली, तुर्कस्तानाच्या शेजारी. नातेवाईक कोणकोणते देश, हेही सांगितलं.

रोज सकाळी दहाच्या सुमारास तिचा फोन यायचा. तिकडे तेव्हा साडेआठ वाजलेले असत. दोन मिनिटं बोलणं. जेवली का, थंडी किती, अभ्यास किती. भिंतीपलीकडून मला फक्त मामांचा आवाज यायचा, कारण मामा फोनवर असे बोलतात की मधला फोन काढून घेतला तरी जॉर्जियात ऐकू जावं.

तिच्या चौथ्या वर्षी, नोव्हेंबरात, एका सकाळी दहाला फोन वाजला आणि मामांचा आवाज एका वाक्यातच थांबला. पाच मिनिटांनी तेच माझ्या दारात आले. चेहरा पांढराफटक. प्रज्ञाच्या फोनवरून कुणी परकी बाई बोलली, इंग्रजीत, "मामा?" असं म्हणाली, मामांनी "हो, कोन बोलून राहिलं?" असं विचारलं, तर तिनं फोनच ठेवला. आता लावला तर कुणी उचलत नाही.

हा पहिला फोन काय होता ते आम्हाला नंतर कळलं. प्रज्ञाला अपेंडिक्सचा त्रास होऊन दवाखान्यात नेलं होतं. ऑपरेशन लगेच करायचं होतं. पोरगी वेदनेनं आणि भीतीनं "मामा, मामा" करत होती आणि घरच्यांशी बोलल्याशिवाय कागदावर सही करायला तयार नव्हती. तिच्या फोनमध्ये इंग्रजी अक्षरांत 'मामा' असंच नाव होतं. तिथल्या इंग्रजी जाणणाऱ्या बाईला वाटलं, ही आईला हाक मारते आहे. तिनं आईला फोन लावला आणि पलीकडून प्रल्हादमामांचा आवाज आला. तो आवाज ऐकून ही कुणाची आई असेल असं कुणालाच वाटणार नाही. तिनं चुकीचा नंबर समजून ठेवून दिला.

पण तेव्हा आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं. मामा माझ्या सोफ्याच्या कडेला बसले होते आणि दोन्ही हातांनी फोन धरून होते. मी नाशिकला, प्रज्ञाच्या वडिलांना, कळवू या का, असं विचारलं. त्यांनी मान हलवली, पण नंबर काही लावला नाही. एवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी म्हाताऱ्या बाईचा आवाज होता, आणि भाषा कुठलीच ओळखीची नव्हती. फक्त एक शब्द कळत होता. "मामा? मामा?" मामा उभे राहून म्हणत होते, "हो, मामा. मामाच." बाईला याचं काही नवल वाटलं नाही. ती कुणाला तरी बोलावत होती. रेंज जाऊ लागली तसे मामा अंगणात, फाटकापाशी गेले. मी खिडकीतून पाहत होतो. ते ऐकत होते. मग थोडा वेळ नुसते उभे राहिले. मग मोठ्यानं, एकदाच, म्हणाले, "हो."

आत येऊन त्यांनी सांगितलं, की ऑपरेशन आहे आणि आपण हो म्हटलं.

पुढचे दोन तास मी विसरणार नाही. मामांनी माझ्या घरातल्या बंद पडलेल्या घड्याळाला चावी दिली, दुसऱ्या घड्याळाला पण दिली, ते सेलवर चालणारं होतं. माझ्या बायकोनं केलेला चहा तीनदा थंड झाला. मग फोन आला. तीच म्हातारी नर्स. ती एकच गोष्ट पुन्हा पुन्हा, सावकाश, लहान मुलाला सांगावी तशी सांगत होती. मामांनी फोन स्पीकरवर टाकला. "कार्गाद," ती म्हणत होती. "कार्गाद आरिस. कार्गाद."

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. "सायेब, कागद म्हनून राहिली ते. कागद राहिला वाटते."

मग ते फोनवर ओरडू लागले, की कोणता कागद, सांगा, मी इथून सही करून पाठवतो, मी कोर्टातला माणूस आहे, माझा कागद कधी चुकला नाही. नर्स पलीकडून तितक्याच जोरानं "कार्गाद" म्हणत होती. मामा आपल्या घरातल्या कपाटाकडे धावले, प्रज्ञाच्या जन्माच्या दाखल्यापासून सगळी फाइल काढून आणली आणि एकेक कागद फोनसमोर धरू लागले. तो व्हिडिओ कॉल नव्हता. शेवटी पलीकडे प्रज्ञाचा एक नागपूरकडचा वर्गमित्र आला आणि त्यानं हिंदीत सांगितलं, की अंकल, ती बिचारी म्हणते आहे, छान आहे. पोरगी छान आहे. त्यांच्या भाषेत कार्गाद म्हणजे छान.

मामा फायलीतल्या कागदांवरच बसले. कितीतरी वेळानं म्हणाले, "असा कागद पह्यल्यांदा पाह्यला बाप्पा." आणि हसता हसता रडू लागले. माझी बायको पण रडली. मी अमरावतीचा असल्यामुळे फक्त नाक शिंकरलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी नाशिकला फोन करून मेहुण्यांना सगळं रीतसर कळवलं. आठवड्यानं प्रज्ञा चालू-बोलू लागली आणि पुन्हा सकाळी दहाला फोन येऊ लागला. इथं खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण मामा एका संध्याकाळी माझ्याकडे आले आणि म्हणाले, की मला एक समजत नाही. त्या नर्सला माझं नातं कसं माहीत? तिनं मला थेट मामा कसं म्हटलं?

मी मोबाइलवर शोधलं. जॉर्जियन भाषेत 'मामा' या शब्दाचा अर्थ आहे : बाप. आईला म्हणतात देदा. मी वाचून दाखवलं. मामांनी मला पुन्हा वाचायला लावलं. मग विचारलं, हे पक्कं का? मी पक्कं म्हटलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. मला तेव्हा वाटलं, की गंमत वाटली असेल.

दुसऱ्या दिवसापासून वही सुरू झाली. लांबट, जाड पुठ्ठ्याची, कोर्टाच्या नोंदवहीसारखी. रकाने आखलेले : भाषा. नातं. कोणी सांगितलं. सही. मामा ही वही काखेत मारून अकोलाभर हिंडू लागले. स्टेशनजवळच्या इडलीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, तमिळमध्ये मामा म्हणजे आईचा भाऊ, शिवाय सासराही, आणि ओळख नसलेला कोणताही वडीलधारा माणूस. मामांनी तीन ओळी लिहिल्या आणि तीन सह्या घेतल्या. तोवर तव्यावरचा डोसा करपला. कृषी विद्यापीठात शिकायला आलेला टांझानियाचा एक मुलगा सापडला. त्याच्या स्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई, आणि आदरानं कोणतीही बाई. मामांनी लिहून घेतलं, पण तो मुलगा त्यांना निरोप देताना हसून "मामा" म्हणाला, त्याचं त्यांना दोन दिवस वाईट वाटत होतं.

माझ्या पुतणीनं पुण्याहून कळवलं, की जपानी भाषेत 'मामा' या शब्दाचा एक अर्थ 'आहे तसंच' असा होतो. हे ऐकून मामा खुलले. "म्हंजे जैसे थे," ते म्हणाले. कोर्टात आयुष्य गेलेल्या माणसाला यापरता आनंद नाही. त्या नोंदीखाली त्यांनी लाल शाईची रेघ ओढली. लॅटिनमध्ये काय, हे मी त्यांना सांगायला नको होतं. लॅटिनमध्ये तो शब्द बाईच्या छातीला आहे, आणि सस्तन प्राण्यांचं इंग्रजी नाव त्यावरूनच आलं. मामांनी पेन उचललं, ठेवलं, माझ्या बायकोकडे चोरून पाहिलं आणि रकान्यात लिहिलं, "नोंद योग्य वाटत नाही." साक्षीदार म्हणून माझी सही घेतली.

मराठीची पानंही भरत गेली. सुनेचा मामा म्हणजे सासरा. शहरातल्या पोरांचा मामा म्हणजे ट्रॅफिकचा पोलिस. कुणाला मामा बनवलं म्हणजे त्याला फसवलं. ही शेवटची नोंद करताना त्यांचा हात थोडा थांबला. "फसवलं," ते स्वतःशीच म्हणाले. मी लक्ष दिलं नाही. मला वाटत होतं, निवृत्त माणसाला छंद हवा. कुणी बोन्साय करतं, कुणी नातवंडं सांभाळतं, हे शब्द सांभाळतात. बारकी पोरं मामा म्हणाली की ते भाषा विचारत होते, चौकात भांडणं होत होती, आणि मी चहा पाजत फिरत होतो. तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात यायला हवी होती. वहीत जॉर्जियनचं पान सगळ्यात पहिलं होतं आणि तिथं सहीची जागा कोरी होती. मी सही करतो म्हटलं तर मामा नाही म्हणाले. मोबाइलची साक्ष चालत नाही, भाषा बोलणारा माणूस पाहिजे.

जुलैअखेर प्रज्ञा सुटीवर आली. बारीक झाली होती, पण चेहऱ्यावर तेज होतं. पहिले दोन दिवस मामांनी तिला नुसतं खाऊ घातलं. तिसऱ्या दिवशी दुपारी मला बोलावणं आलं. मामांनी समोरच्या खोलीत तीन खुर्च्या मांडल्या होत्या आणि स्टुलावर वही होती. "सायेब, तुमी साक्षीदार," ते म्हणाले. प्रज्ञा माझ्याकडे पाहून हसली. तिला वाटलं, मामांचं नेहमीचं काहीतरी असेल. मलाही तसंच वाटलं.

मामा उभे राहिले. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात माणसं उभी राहतात तसे ते उभे होते, आणि मी पहिल्यांदाच त्यांना असं पाहत होतो. त्यांनी सांगायला सुरुवात केली. फाटकापाशी फोन घेऊन गेले, तेव्हा म्हाताऱ्या नर्सनं त्या नागपूरच्या पोराकडे फोन दिला होता. पोरानं विचारलं होतं, आणि जॉर्जियनमध्ये नाही.

"साफ हिंदीत इचारलं त्यानं. अंकल, आप प्रज्ञा के पिताजी बोल रहे हैं न? मले समजलं. सगळं समजलं. मी हो म्हटलं." मामांनी वहीवर हात ठेवला. "मले वाटलं, मामा म्हटलं तं म्हनतीन बापाले द्या. नाशकाले लावतीन, तिथं कोनी उचलन का नाही. तोवर माही पोरगी तशीच पडून राहीन. म्हनून मी हो म्हटलं. खोटं नातं सांगतलं."

मला एकदम सगळं उलगडलं. ती वही म्हणजे छंद नव्हता. तो माणूस सात-आठ महिने उन्हातान्हात पुरावा गोळा करत हिंडत होता, की जगात कुठंतरी, कुठल्यातरी भाषेत, आपण बोललो ते खोटं नाही. पुरावा पहिल्याच दिवशी हाती आला होता आणि तरी त्यांचं समाधान झालं नव्हतं, कारण प्रश्न हिंदीत विचारला होता.

"त्याचं बी एवढं नाही," मामा म्हणाले. "तुले मी म्हनू देल्लं नाही, लहानपनी. फाटकापाशी. तुले मनाई केली. आन् टायमावर मी सोताच म्हनून घेतलं. हे बराबर नाही झालं, प्रज्ञा."

प्रज्ञा खाली मान घालून बसली होती. मला वाटलं, रडते आहे. तिनं मान वर केली तर ती हसत होती, डोळे भरलेले होते आणि हसत होती. तिनं वही ओढून घेतली, पहिलं पान उघडलं आणि मामांसमोर धरलं.

"हे तुमाले आत्ता मालूम पडलं, मामा. मले पह्यल्या वर्षी, पह्यल्या आठवड्यात मालूम पडलं. भाषेच्या तासाले घरच्या मान्साइचे शब्द शिकवले. बाईनं फळ्यावर लिवलं मामा, आन् बापाचं चित्र काढलं. आपल्याकडचे सारे पोट्टे हासले. मी नाही हासली." तिनं डोळे पुसले. "तवापासून रोज सकाळी हॉस्टेलच्या दाराशी उभी राहून तुमाले फोन करतो मी. खोलीतून नाही करत. दाराशी एक म्हातारी बसते, तिले आयकू जाते. तिले वाटते, ही पोरगी रोज बापाले फोन करते. चार वर्षं झाले. मी तिले कधी सांगतलं नाही, का तसं नाही म्हनून."

मामांनी समोर धरलेल्या पानावरच्या त्या शब्दावरून बोट फिरवलं.

"मनाई मराठीतल्या शब्दाची होती," प्रज्ञा म्हणाली. "ते मी पाळली."

मामा खुर्चीवर बसले. फोनवर पोरगी छान आहे असं कळल्यावर बसले होते, तसेच एकदम बसले. मला रडू आलं, आणि या वेळी अमरावतीचा असण्याचा काही उपयोग झाला नाही. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, की मग तिकडे बाप मुलीला काय म्हणतो?

प्रज्ञा म्हणाली, तेच तर गमतीचं आहे. तिकडे बाप लाडात आला की लेकरालाही 'मामा'च म्हणतो. आपल्याकडे नाही का, पोरीला 'ये माय' म्हणतात, तसं. मामांनी हे ऐकलं. लिहून मात्र घेतलं नाही. प्रज्ञानं पेन काढून पहिल्या पानावरच्या कोऱ्या जागेत सही केली आणि आम्ही सगळे चहा प्यायलो. त्या दिवशी मामांनी जेवताना दोन भाकरी जास्त खाल्ल्या, असं माझ्या बायकोनं मला मुद्दाम येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. भिंतीपलीकडे कपबशांचा आवाज होत होता. मामांनी हाक मारली, "प्रज्ञा, ऊठ." पोरगी काही उठली नाही, सुटीवर आलेली मुलं कुठं सहजासहजी उठतात. पुन्हा एकदा हाक झाली. मग मामांनी घसा साफ केला, आणि जन्मभर गल्लीला ऐकू जाईल असं बोलणारा तो माणूस इतक्या हळू बोलला, की मला पेपर खाली ठेवावा लागला.

"मामा, ऊठ वो," ते म्हणाले. "चहा थंडा होऊन राहिला."